सात नंबरचा ढीग

२१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार. दक्षिण वेल्समधल्या ॲबरव्हॅन गावात सकाळी सव्वानऊ वाजता कोळशाच्या खाणीचा राडारोडा डोंगरावरून सुटला आणि प्राथमिक शाळेवर आला. १४४ माणसं गेली. त्यांत ११६ मुलं होती, बहुतेक सात ते दहा वर्षांची. अकराच्या सुमारास आठ वर्षांच्या जेफ एडवर्ड्सला बाहेर काढलं. त्याच्यानंतर शाळेतून कुणीही जिवंत निघालं नाही.

ते सव्वानऊ वाजायला काही वर्षं लागली होती.

५ डिसेंबर १९३९

ॲबरव्हॅनपासून साधारण आठ किलोमीटरवर, किलफिनिद इथे खाणीचा एक ढीग घसरला. रस्ता गाडला गेला, नदीचा प्रवाह अडला. जीवितहानी झाली नाही.

त्याच वर्षी पॉवेल डफ्रिन या खाण कंपनीत ढिगांच्या घसरणीबद्दल एक टिपण तयार झालं होतं. त्याचा सारांश सोपा होता: राडारोड्याचा शत्रू पाणी. ओल्या जमिनीवर, झऱ्यावर ढीग टाकू नये. टाकायचाच तर आधी पाण्याला वाट करून द्यावी.

टिपण फायलीत गेलं.

नोव्हेंबर १९४४

ॲबरव्हॅनच्या वरच्या डोंगरावर मर्थर व्हेल खाणीचे ढीग पहिल्या महायुद्धाच्या काळापासून वाढत होते. एक भरला की शेजारी दुसरा. त्यांना नावं नव्हती, नंबर होते. या महिन्यात चार नंबरचा ढीग सरकला आणि उतारावरून बराच खाली आला. वाटेत कुणी नव्हतं.

पुढचा ढीग, पाच नंबरचा, थोडा बाजूला सुरू झाला.

१ जानेवारी १९४७

ब्रिटनमधल्या कोळसा खाणी सरकारच्या झाल्या. खाण, ढीग आणि जुन्या फायली, सगळं राष्ट्रीय कोळसा मंडळाकडे आलं. जमिनीखाली काम कसं करायचं याचे नियम जाडजूड होते. जमिनीवर टाकलेला ढीग जागेवर कसा राहील, याबद्दल कायदा नव्हता. मंडळाचं स्वतःचं धोरणही नव्हतं. ढीग हा यांत्रिक विभागाचा विषय मानला जाई, कारण तिथे क्रेन होती, रूळ होते, डबे होते. खालची माती आणि पाणी ज्यांना कळतं त्या स्थापत्य अभियंत्यांचा तिथे संबंध येत नसे.

१९५८, ईस्टरचा सुमार

सात नंबरचा ढीग सुरू झाला. जागा खाणीतल्या अधिकाऱ्यांनी डोंगरावर जाऊन ठरवली. नकाशा पाहिला नाही, जमीन तपासली नाही. सरकारी नकाशावर त्याच ठिकाणी ओढा आणि झरे दाखवलेले होते. गावातल्या माणसांना नकाशाचीही गरज नव्हती. त्या पाण्यात ती लहानपणी खेळली होती.

ढिगाच्या पायथ्यापासून उतार सरळ गावाकडे जात होता. उताराच्या तळाशी मॉय रोड, आणि मॉय रोडला लागून पँटग्लास प्राथमिक शाळा.

त्याच वर्षाच्या आसपास जेफ एडवर्ड्सचा जन्म झाला. तो आणि ढीग बरोबरीने वाढले.

१९६३, उन्हाळा

ढिगावर आता दगडमातीबरोबर गाळही पडत होता. कोळसा धुऊन निवडल्यावर जो बारीक, चिकट, पातळ चिखल उरतो तो. मे महिन्यात ढीग थोडा सरकला.

ॲबरव्हॅन ज्या हद्दीत होतं त्या मर्थर टिडफिल नगरपालिकेचे अभियंता डी. सी. डब्ल्यू. जोन्स यांनी पत्रव्यवहार सुरू केला. त्यांच्या पत्राच्या विषयाच्या ओळीतच शाळेचं नाव होतं: पँटग्लास शाळांच्या मागे टाकल्या जाणाऱ्या कोळशाच्या गाळापासून धोका. हा गाळ इतका पातळ आणि उतार इतका तीव्र, की हिवाळ्यात किंवा मोठ्या पावसात तो जागेवर राहणं शक्य नाही, असं त्यांनी लिहिलं.

पत्र योग्य कचेरीत पोचलं. वाचलं गेलं. उत्तरंही आली.

१९६३, वर्षअखेर

ढीग पुन्हा सरकला, या वेळी बराच. मंडळाने पाहणी केली आणि निष्कर्ष काढला: ढीग सरकलेला नाही, त्याच्यावरचा गाळ फक्त वाहून गेला, ढिगाच्या स्थैर्याला बाधा नाही. गाळ टाकणं थांबलं. दगडमातीचे डबे रोज वर जात राहिले.

१९६४, जानेवारी

नगरसेविका ग्विनेथ विल्यम्स यांनी नगरपालिकेच्या नियोजन समितीत विषय काढला. ढीग हलला तर सगळी शाळा धोक्यात येईल, असं त्या म्हणाल्या. बैठकीची बातमी स्थानिक वर्तमानपत्रात छापून आली.

१९६५

पँटग्लास शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आयांनी अर्ज केला. पाऊस पडला की डोंगरावरून काळं पाणी येतं, शाळेभोवती साचतं. अर्ज त्यांनी मुख्याध्यापिका ॲन जेनिंग्ज यांच्या हाती दिला. जेनिंग्जबाईंनी तो नगरपालिकेकडे पाठवला.

नगरपालिका आणि मंडळ यांच्या बैठका झाल्या. तुंबलेले नळ आणि चर साफ करायचं मंडळाने मान्य केलं.

मार्चमध्ये ऱ्हाँडा खोऱ्यात, टी मावर इथे आणखी एक ढीग घसरला. मंडळाने १९३९ चं टिपण फायलीतून बाहेर काढलं, त्याच्या प्रती खाणींकडे पाठवल्या आणि सगळे ढीग तपासायला सांगितलं. मर्थर व्हेलचे ढीगही तपासले गेल्याची नोंद झाली. सात नंबरच्या ढिगाखाली काय आहे, हे त्या तपासणीतही कुणी पाहिलं नाही.

सव्वीस वर्षांपूर्वीचा इशारा आता प्रत्येक संबंधित टेबलावर होता.

ऑक्टोबर १९६६, पहिले तीन आठवडे

चर साफ झालेले नव्हते. पाऊस सुरू झाला. तीन आठवड्यांत सुमारे १७० मिलिमीटर; त्यातला जवळजवळ निम्मा तिसऱ्या आठवड्यात.

सह्याद्रीत असा पाऊस एका दिवसात पडून जातो. पण इथे तो आठ वर्षं झऱ्यावर बसलेल्या ३४ मीटर उंच ढिगात मुरत होता. ढिगात दोन लाख सत्तावीस हजार घनमीटर माल होता, त्यात आधी टाकलेला गाळही. वरून पाऊस, खालून झरा. बाहेर पडायला पाण्याला वाट नव्हती.

समुद्राकाठच्या ओल्या वाळूवर माणूस उभा राहू शकतो; तिथेच पाय आपटत राहिलं की ती पाणी सोडते आणि पाय आत जातो. पाण्याने भरलेला ढीग त्याच अवस्थेत होता. तो घन दिसत होता, कारण अजून हलला नव्हता.

गुरुवार, २० ऑक्टोबर, रात्र

ढिगाचा माथा खचायला लागला. वर कुणी नव्हतं.

खाली गावात मुलं झोपली होती. उद्या शाळा अर्धा दिवस. दुपारी बाराला सुटली की आठवडाभर सुट्टी.

शुक्रवार, २१ ऑक्टोबर, सकाळी ७.३०

ढिगावर काम करणारी टोळी वर पोचली. वर ऊन होतं. खाली खोरं धुक्याने भरलेलं. गाव दिसत नव्हतं.

माथा तीन मीटर खाली बसला होता. डबे ज्यावरून पुढे जायचे ते रूळ खड्ड्यात पडले होते.

ढिगावर टेलिफोन नव्हता. पूर्वी होता. त्याची तार वारंवार चोरीला जायची, म्हणून नवी बसवली नव्हती. टोळीच्या मुकादमाने एकाला चालत खाली धाडलं: खाणीवर जाऊन सांग, ढीग खचलाय.

७.३० ते ९.००

निरोप्या धुक्यात उतरला. खाणीवर त्याने सांगितलं. तिथून एक वरिष्ठ कामगार त्याच्याबरोबर निघाला. दोघं पुन्हा डोंगर चढू लागले.

खाली गाव उठलं होतं. रात्रपाळीचे खाणकामगार घरी येऊन झोपले होते, दिवसपाळीचे जमिनीखाली होते. आया मुलांना शाळेसाठी तयार करत होत्या. धुकं इतकं की पन्नास पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. डोंगर, ढीग, क्रेन, काहीच नाही.

जेफ घरून निघाला.

९.००

शाळेची वेळ. मुलं आत आली. बाई आणि गुरुजी हजेरी घेऊ लागले. जेवणाचे पैसे गोळा होऊ लागले. बाराला सुटायची असली तरी शाळा नेहमीसारखीच सुरू झाली.

डोंगरावर निरोप्या आणि वरिष्ठ पोचले. आता ढीग सहा मीटर खचलेला होता. म्हणजे निरोप जाऊन येईपर्यंत खड्डा दुप्पट झाला होता.

निर्णय तिथेच झाला, आणि तो निष्काळजी माणसाचा नव्हता: आज इथे काहीही टाकायचं नाही. पुढच्या आठवड्यात नवी जागा ठरवू. क्रेन काठावरून मागे घ्यायची.

गावाला कळवायचं, असा निर्णय झाला नाही. तो घ्यायची सवय कुणाला नव्हती. ढीग सरकतो; सरकला की शेजारी नवा सुरू करायचा. बावीस वर्षं असंच चालत आलं होतं.

क्रेन ओढायचं काम जड होतं. त्याआधी चहा घेऊ, असं ठरलं. टोळी शेडकडे निघाली.

९.१० च्या सुमारास

जेफच्या वर्गात गणिताचा तास सुरू होत होता. त्याने वर्गातल्या कपाटातून एक पुस्तक घेतलं आणि तो आपल्या बाकावर येऊन बसला. मास्तर फळ्याकडे वळले.

या पाच-दहा मिनिटांचा हिशेब पुढे पुष्कळांनी केला. ढीग थोडा आधी सुटता तर मुलं वर्गात नसती. तीन तास उशिरा सुटता तर शाळा रिकामी असती.

९.१५

क्रेनचालक काठावर उभा होता. त्याच्यासमोर ढीग आधी वर आला. सावकाश. आपल्याला भास होतोय असं त्याला वाटलं. मग तो वेगाने उठला, लाटेसारखा वळला आणि डोंगरावरून खाली निघाला.

टोळीतल्यांनी आरडाओरडा केला, काही जण खाली धावले. त्यांना धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं. पुढचं त्यांनी फक्त ऐकलं.

सुमारे १,१०,००० घनमीटर माल सुटला होता. त्यातला मोठा भाग उतारावरच थांबला. ३८,००० घनमीटर थांबला नाही. आत कोंडलेलं पाणी मोकळं झालं आणि ढिगाचा तो भाग द्रवासारखा वाहू लागला. वेग ताशी १८ ते ३४ किलोमीटर. लाटेची उंची सहा ते नऊ मीटर.

आधी उतारावरची शेतघरं गेली. तिथे चार माणसं होती. मग एक जुना, वापरात नसलेला बांध आला. त्यात पाण्याचे दोन मोठे नळ होते. ते फुटले. त्यांतलं पाणी चिखलात मिसळू लागलं.

वर्गात गडगडाट ऐकू आला. मुलांना वाटलं विमान खाली येतंय. जेफच्या वर्गात मास्तर म्हणाले, ढग गडगडतायत. आवाज वाढत गेला. पुढचं जेफला आठवत नाही.

लाट ६४० मीटरचं अंतर कापून शाळेत शिरली. मागच्या बाजूचे वर्ग कोसळले. मॉय रोडवरची घरं गेली. मग आवाज थांबला. वाचलेल्या जवळजवळ सगळ्यांनी पुढे एकच सांगितलं: त्यानंतर काहीच ऐकू येत नव्हतं, पक्षीसुद्धा.

शाळेत १०९ मुलं आणि पाच शिक्षक गेले. त्यांत मुख्याध्यापिका जेनिंग्ज होत्या. आयांचा अर्ज त्यांनीच पुढे पाठवला होता. उपमुख्याध्यापक डाय बेनन वर्गातल्या मुलांसह सापडले. जेवणाचे पैसे घेणाऱ्या बाईंनी पाच मुलांना अंगाखाली घेतलं होतं. मुलं वाचली. बाई गेल्या.

९.२५

मर्थर टिडफिलच्या पोलीस ठाण्यात पहिला फोन आला.

तोवर मॉय रोडवरची माणसं हातांनी उकरू लागली होती. आया आल्या होत्या, त्यांच्याकडे हत्यारं नव्हती. समोरच्या बाजूचे वर्ग उभे होते. तिथल्या शिक्षकांनी मुलांना खिडक्यांतून बाहेर काढलं.

खाणीवर निरोप गेला. जमिनीखालचे कामगार वर आले आणि फावडी घेऊन थेट शाळेकडे निघाले. ढिगाऱ्यात अडकलेल्या माणसाला कसं काढायचं हे त्यांना माहीत होतं. पुष्कळांची मुलं त्याच शाळेत होती.

९.५०

पहिले जखमी सेंट टिडफिल रुग्णालयात पोचले. अकरापर्यंत तिथे २२ मुलं आणि पाच मोठी माणसं आली. एक मूल पोचण्याआधीच गेलेलं होतं. आणखी नऊ जणांना दुसऱ्या रुग्णालयात नेलं.

१०.०० च्या सुमारास

जेफ शुद्धीवर आला होता. त्याचा बाक त्याच्या पोटात रुतला होता. चहूबाजूंनी चिखल, विटा, लाकूड. डोक्यावर थोडी पोकळी, तिच्या पलीकडून उजेडाची एक तिरीप. तेवढ्या हवेवर तो होता.

त्याच्या खांद्यावर एका मुलीचं डोकं टेकलं होतं. ती त्याच्याच वर्गातली. तिचा श्वास थांबलेला होता. त्याला मान वळवता येत नव्हती, सरकताही येत नव्हतं.

आसपास आधी रडण्याचे आणि हाका मारण्याचे आवाज होते. ते कमी होत गेले.

वर शिट्ट्या वाजवून सगळ्यांना थांबवलं जाई. हजार हात एकदम थांबत. खालून कुणाचा आवाज येतो का, ते ऐकत. पुन्हा शिट्टी, पुन्हा फावडी. फुटलेल्या नळांचं पाणी अजून येत होतं. जितकं उकरावं तितका चिखल परत भरत होता.

१०.३०

बीबीसीच्या बातम्यांत पहिला उल्लेख झाला. आसपासच्या खोऱ्यांतून माणसं फावडी घेऊन निघाली. रस्ते भरले.

११.०० च्या सुमारास

चिखलात कुणालातरी पांढुरके केस दिसले. जेफचे केस सोनेरी होते.

अग्निशमन दलाच्या जवानांनी कुऱ्हाडींनी बाक तोडला. मुलीला बाजूला केलं. त्याला उचललं आणि माणसांच्या रांगेतून, एका हातातून दुसऱ्या हातात, शाळेच्या आवारापर्यंत आणलं. जवळजवळ पावणेदोन तास तो आत होता.

त्याची जागा दुसऱ्या रांगेत असती, छताची तुळई एक हात अलीकडे पडली असती, तर पोकळी राहिली नसती. त्याच्या वाचण्याला याहून मोठं कारण नाही.

११.३०

पाण्याचे नळ वरून बंद केले. फुटल्यानंतर सव्वादोन तासांनी.

खोदकाम चालू राहिलं. दर थोड्या वेळाने शिट्टी होत राहिली.

दुपारी १२.००

शाळा सुटायची वेळ.

संध्याकाळ

बेथानिया चॅपलमध्ये मृतदेह ठेवले जात होते. बाहेर पालकांची रांग होती. ओळख पटवायला एकेकाला आत सोडत.

राष्ट्रीय कोळसा मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड रॉबेन्स त्या संध्याकाळी ॲबरव्हॅनला नव्हते. सरे विद्यापीठाच्या कुलपतिपदाचा त्यांचा पदग्रहण समारंभ होता. ते तिथे गेले. अध्यक्ष स्वतः मदतकार्यावर लक्ष ठेवून आहेत, असं मंडळाच्या अधिकाऱ्यांनी वेल्सच्या मंत्र्यांना सांगितलं. ते खरं नव्हतं.

शनिवार, २२ ऑक्टोबर

सकाळपर्यंत १११ मृतदेह निघाले होते. ५१ ओळखले गेले होते. रॉबेन्स संध्याकाळी आले. ढिगाखालचे झरे आधी कुणाला माहीत असणं शक्य नव्हतं, अशी भूमिका त्यांनी त्या दिवसांत मांडली.

गावात ते झरे माहीत नसलेला माणूस शोधावा लागला असता.

सोमवार, २४ ऑक्टोबर

मृत्यूची चौकशी सुरू झाली. अधिकारी मुलांची नावं आणि मृत्यूचं कारण वाचू लागले: गुदमरून, जखमांमुळे. एक बाप उभा राहिला. माझ्या मुलाच्या दाखल्यावर लिहा, राष्ट्रीय कोळसा मंडळाने जिवंत गाडलं, असं तो म्हणाला.

गुरुवार, २७ ऑक्टोबर

डोंगराच्या उतारावरच्या दफनभूमीत ८१ मुलांचा आणि एका स्त्रीचा एकत्र अंत्यविधी झाला.

शुक्रवार, २८ ऑक्टोबर

शेवटचा मृतदेह सापडला. सात दिवस झाले होते.

३ ऑगस्ट १९६७

न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस यांच्या चौकशी न्यायाधिकरणाचा अहवाल आला. ७६ दिवसांचं कामकाज, १३६ साक्षीदार. चूक आपली होती हे मंडळाने शेवटच्या दिवसांपर्यंत मान्य केलं नव्हतं. सुरुवातीलाच केलं असतं तर पुष्कळ वेळ वाचला असता, असं न्यायाधिकरणाने नोंदवलं.

अहवालाने खलनायक शोधला नाही. ज्या कामाची पात्रता नव्हती ते काम हाती असलेली माणसं, दुर्लक्षिलेले स्पष्ट इशारे आणि वरून दिशा नसणं, अशी ती कारणं होती. दोष मंडळाचा. नऊ कर्मचाऱ्यांवर कमीजास्त ठपका.

टेलिफोनबद्दलही त्यात आहे. त्या सकाळी तार जागेवर असती तरी मुलं वाचली नसती, कारण ढीग सुटल्यावर वेळच उरला नव्हता. साडेसातनंतरच्या कुठल्याही फोनपेक्षा १९६३ ची पत्रं उपयोगाची होती. त्यांच्या हातात तीन वर्षं होती.

रॉबेन्स यांनी राजीनामा देऊ केला. तो स्वीकारला गेला नाही. कुणालाही बडतर्फ केलं नाही. कुणावरही खटला झाला नाही.

मंडळाने प्रत्येक मुलामागे ५०० पौंड दिले.

ऑगस्ट १९६८

गावाच्या वर उरलेले ढीग हलवा, अशी मागणी पालक करत होते. खर्च परवडत नाही असं मंडळ म्हणत होतं, सरकारही सगळा द्यायला तयार नव्हतं. जगभरातून लोकांनी दुखवट्याच्या निधीत साडेसतरा लाख पौंड दिले होते. सरकारने त्यातले दीड लाख पौंड ढीग हलवण्यासाठी घेतले.

ज्यांची मुलं ढिगाखाली गेली त्यांच्या मदतीच्या पैशांतून ढीग काढले गेले.

१९९७

दीड लाख पौंड निधीला परत मिळाले. एकोणतीस वर्षांचं व्याज मिळालं नाही. दहा वर्षांनी, २००७ मध्ये, वेल्सच्या सरकारने आणखी २० लाख दिले.

दरम्यान, जेफ

तो घरी आला तेव्हा गल्लीत खेळायला त्याच्या वयाची मुलं फारशी उरली नव्हती. जी होती ती बाहेर खेळायला बिचकत, कारण शेजारच्या खिडकीतून पाहणाऱ्या आईचं मूल गेलेलं असे. रात्री दचकून उठणं, गर्दीची आणि आवाजाची भीती, हे वर्षानुवर्षं राहिलं. खांद्यावरची मुलगी राहिली. अशा मुलांशी बोलावं, त्यांच्यावर उपचार करावेत, अशी पद्धत तेव्हा नव्हती.

मोठेपणी तो स्थानिक राजकारणात आला, मर्थर टिडफिलचा महापौर झाला, पुढे तिथल्या नगरपालिकेचा नेता. पँटग्लास शाळांमागच्या धोक्याबद्दल अभियंता जोन्स यांनी याच शहराच्या नगरपालिकेतून लिहिलं होतं. तेव्हा जेफ पाच वर्षांचा होता.

फेब्रुवारी २०२०

डेनिस वादळाच्या पावसात ऱ्हाँडा खोऱ्यातल्या टायलर्सटाउन इथे जुन्या खाणीचा ढीग घसरून नदीत आला. कुणी जखमी झालं नाही.

त्यानंतर सरकारने वेल्समधले ढीग मोजायला घेतले. दोन हजारांहून जास्त निघाले. पहिल्या मोजणीत जवळजवळ तीनशे ढिगांपुढे ‘जास्त धोका’ अशी नोंद झाली. बहुतेक खाणी तोवर बंद पडलेल्या होत्या, आणि किती तरी ढिगांची मालकी खासगी होती. ते राखायचे कुणी आणि कुणाच्या पैशाने, यावर पत्रव्यवहार सुरू झाला.